हात उचलत नाही की उचलला जात नाही? सांध्याची हालचाल तपासण्याविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे : आई ५८ वर्षांची, दहा वर्षांपासून मधुमेह. चार महिन्यांपासून उजवा हात वर जात नाही, वेणी घालता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. वडील ६६ वर्षांचे, डावा गुडघा पूर्ण सरळ होत नाही आणि मांडी घालून बसणं बंद झालं आहे. सांध्याची हालचाल घरी कशी तपासायची, किती असायला हवी आणि कमी भरली तर त्यावरून काय समजायचं?

सुरुवात मोजपट्टीने करू नका. आधी एकच गोष्ट पाहा. माणूस स्वतःहून सांधा किती हलवतो आणि अंग सैल सोडल्यावर दुसऱ्याला तो किती हलवता येतो, ही दोन वेगळी मापं आहेत. पहिल्याला आमच्याकडे ॲक्टिव्ह म्हणतात, दुसऱ्याला पॅसिव्ह. दोन्ही एकाच जागी अडत असतील तर अडसर सांध्यातच आहे : भोवतीची पिशवी आकसली आहे, कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर) झिजली आहे किंवा हाडाला हाड आडवं येतंय. स्वतःहून जात नाही पण दुसऱ्याने नेला की सहज जातो, असं असेल तर सांधा मोकळा आहे आणि बिघाड त्याला हलवणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे स्नायूत, त्याला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत (टेंडनमध्ये) किंवा नसेत आहे. हा फरक न करता नुसतं ‘हात वर जात नाही’ एवढ्यावर व्यायाम सुरू केले, तर फाटलेल्या दोरीला ताणण्याचे आणि आकसलेल्या पिशवीला डंबेल्सचे व्यायाम दिले जातात. दोन्हीचा उपयोग शून्य.

आता आईचा खांदा. पाठ नसलेल्या स्टुलावर बसवा, दोन्ही खांदे मागून दिसतील असे कपडे असू द्या. दोन्ही हात एकदम पुढून वर न्यायला सांगा आणि तुम्ही मागे उभे राहा. निरोगी खांद्यात दंड कानाजवळ येतो, म्हणजे साधारण १८० अंश. यातला दोन तृतीयांश भाग खांद्याच्या सांध्याचा आणि एक तृतीयांश पाठीवरच्या त्रिकोणी पात्याचा असतो. खांदा आखडला की हे पातं जास्तीचं काम अंगावर घेतं : हात वर निघण्याआधीच खांदा कानाकडे उचलला जातो, पातं बगलेच्या दिशेने सरकतं, आणि शेवटी कंबर मागे वाकवून हात ‘वर’ गेल्यासारखा दिसतो. म्हणून मोजताना एका हाताने पातं वरून दाबून धरा. धरल्यावर १३० चे ९० झाले, तर खरे ते ९०.

यापेक्षाही बोलकी तपासणी वेगळी आहे आणि तीच बहुतेक वेळा राहून जाते. कोपर बगलेला चिकटवून काटकोनात वाकवा, पंजा समोर. बगलेत घडी केलेला छोटा नॅपकिन ठेवला तर कोपर सुटलं की तो पडतो आणि चोरी लगेच कळते. आता पंजा बाहेरच्या बाजूला वळवायला सांगा, मग तुम्ही स्वतः हळूच वळवून पाहा. बऱ्याच जणांत हे ६० ते ८० अंश असतं, पण माणसागणिक इतका फरक पडतो की तक्त्यापेक्षा दुसऱ्या हाताशी तुलना करावी. दुखऱ्या बाजूला तुम्ही नेऊनही ते निम्म्याहून कमी भरत असेल, तर तो फ्रोझन शोल्डर, म्हणजे पिशवी आकसून आखडलेला खांदा, असण्याची शक्यता मोठी. त्यात क्रम ठरलेला असतो : बाहेर वळणं सर्वांत जास्त हरवतं, त्याखालोखाल हात बाजूने वर नेणं, मग आत वळणं. आत वळण्याचं माप सोपं आहे. हात पाठीमागे नेऊन अंगठा कुठवर पोहोचतो ते बघा. चांगल्या खांद्यात तो पात्याच्या खालच्या टोकापर्यंत जातो, आखडलेल्या खांद्यात कमरेवर किंवा त्याच्याही खाली थांबतो. ब्लाउजचा मागचा हूक लावता येत नाही ही तक्रार म्हणजे हेच माप.

उलट, तुम्ही नेल्यावर हात पूर्ण वर जातो पण सोडला की टिकत नाही, धपकन खाली येतो, तर खांद्याभोवतीच्या चार स्नायूंच्या दोऱ्यांपैकी एखादी फाटलेली असू शकते. ६० ते १२० अंशांच्या टप्प्यातच दुखतं, आधी-नंतर नाही, तर तीच दोरी वरच्या हाडाखाली चेपली जाते आहे.

बाहेर वळणं अडलं म्हणून लगेच फ्रोझन शोल्डरचा शिक्का मारू नका, एकदा एक्स-रे काढा. फ्रोझन शोल्डरमध्ये एक्स-रे स्वच्छ असतो, आणि तो स्वच्छ असणं हेच पाहायचं असतं. फिट आल्यावर किंवा विजेचा झटका बसल्यावर खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो. त्यातही बाहेर वळणं पूर्ण बंद होतं, आणि हा निखळलेला खांदा साध्या समोरच्या फोटोत चुकतो. काखेच्या बाजूने घेतलेला फोटोही मागवावा लागतो. झटक्याचा इतिहास असेल तर तो डॉक्टरांना आपणहून सांगा.

मधुमेहात हा आजार जास्त दिसतो, जास्त चिवट असतो आणि काही वर्षांत दुसऱ्या खांद्यालाही धरू शकतो. थायरॉइडच्या रुग्णांतही तेच, म्हणून रक्तात साखरेबरोबर थायरॉइडही बघून घ्या. याचे टप्पे लांब असतात : सुरुवातीचे काही महिने दुखण्याचे, मग काही महिने दुखणं कमी पण खांदा घट्ट, आणि मग हळूहळू सुटण्याचे. सगळं मिळून दीड ते तीन वर्षं. ‘आपोआप बरा होतो’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. बऱ्याच जणांत थोडी हालचाल कायमची कमी राहते.

दुखण्याच्या टप्प्यात खांदा जोराने ओढणं ही सर्वांत महाग चूक. सुजलेली पिशवी ओढली की ती आणखी चिडते आणि रात्रीची झोप जाते. या काळात टेबलाला चांगला हात टेकवून, वाकून, दुखरा हात लोंबता सोडून हलके झोके द्या. पाठीवर झोपून कोपराखाली घडी केलेला टॉवेल ठेवा, दोन्ही हातांत छत्री किंवा काठी आडवी धरा आणि चांगल्या हाताने दुखरा पंजा बाहेर ढकला. १० ते १५ सेकंद धरा, १० वेळा, दिवसातून दोन-तीनदा. व्यायामानंतरचं दुखणं अर्ध्या तासात निवलं पाहिजे. रात्रीची कळ वाढली तर जोर कमी करा, व्यायाम बंद मात्र करू नका. झोपताना दंडाखाली आणि छातीशी उशी. सांध्यात दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन या टप्प्यात चांगलं काम करतं, पण मधुमेहात पुढचे काही दिवस साखर चढते, तेव्हा घरच्या ग्लुकोमीटरवर लक्ष ठेवायचं हे आधी ठरवून घ्या. हात गळ्यात अडकवून ठेवायची झोळी इथे अजिबात नको.

आईला जाता जाता नमस्कार करायला सांगा. तळवे आणि बोटं एकमेकांना पूर्ण चिकटली पाहिजेत. जुन्या मधुमेहात बोटांचे सांधे आणि कातडी ताठरते आणि जोडलेल्या हातांत बोटांमध्ये फट राहते. दुखत काहीच नाही, म्हणून कुणी सांगतही नाही. पण ही फट दिसली की डोळे, मूत्रपिंड यांची तपासणी मागे पडली आहे का हे विचारावं, कारण ही सगळी एकाच दीर्घ वाढलेल्या साखरेची कामं असू शकतात.

वडिलांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट हाताला शिकवावी लागते. सांधा कुठे थांबतो याइतकंच तो कसा थांबतो हे महत्त्वाचं. गुडघा वाकवताना पोटरी मांडीला टेकून मऊ थांबतो, कोपर सरळ करताना हाड हाडाला लागून ठक्क थांबतं, हे दोन्ही निरोगी थांबे. जाड चामडं ताणल्यासारखा घट्ट पण किंचित लवचीक थांबा, तोही वेळेआधी आला, तर पिशवी आकसली आहे. गुडघा सरळ करताना शेवटी रबर लागल्यासारखा परत उसळतो, तर आत मेनिस्कसचा, म्हणजे गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीचा, तुकडा अडकला असेल. आणि एक थांबा असा असतो की तुमच्या हाताला काहीच लागत नाही, रुग्णच ओरडून थांबवतो. हा सर्वांत वाईट. इथे जंतुसंसर्ग, हाड मोडलेलं असणं किंवा गाठ यांचा विचार होतो आणि पुढे ढकलणं तिथेच थांबवायचं.

गुडघा मोजायला गोनिओमीटर लागतो : दोन पट्ट्या आणि मधे अंशांची चकती. सर्जिकल दुकानात प्लास्टिकचा स्वस्तात मिळतो. वडिलांना पाठीवर कडक गादीवर झोपवा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला मांडीच्या हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो त्यावर चकतीचा मध्य. स्थिर पट्टी खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्याकडे, फिरती पट्टी घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. पायजम्यावरून मोजू नका, तिन्ही खुणा उघड्या हव्यात. टाचेखाली छोटी उशी ठेवून गुडघा आपल्या वजनाने किती खाली जातो ते मोजा, मग टाच नितंबाकडे ओढून किती वाकतो ते. साधारण ०-१४० असतं. दहा अंश सरळ व्हायचा राहत असेल आणि ११० पर्यंतच वाकत असेल तर ‘१०-११०’ लिहा. ‘उणे दहा’ लिहिलं तर वाचणाऱ्याला कळत नाही की दहा कमी आहे की गुडघा दहा अंश उलटा जातो. मोजणाऱ्याच्या हातातच चार-पाच अंशांचा फरक पडतो, त्यामुळे आठवड्यात ३ अंश वाढले म्हणून पेढे वाटू नका.

सरळ होण्यातला बारीक फरक गोनिओमीटरपेक्षा टाचा चांगल्या दाखवतात. पालथं झोपवा, मांड्या पलंगावर, गुडघ्यांपासून खाली पाय काठाबाहेर मोकळे लोंबते. दोन्ही टाचांच्या उंचीतला फरक पट्टीने मोजा. एक सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ एक अंश.

आता पुन्हा तोच पहिला प्रश्न. तुम्ही दाबल्यावर गुडघा सरळ होतो, पण पाय सरळ ठेवून पलंगावरून उचलायला सांगितला की दहा-पंधरा अंश लचकतो? मग पिशवी ठीक आहे, मांडीचा पुढचा स्नायू दुबळा झाला आहे. गुडघ्यात पाणी झालं की हा स्नायू आपोआप मंदावतो, सूज असेपर्यंत कितीही व्यायाम केला तरी पूर्ण जोर धरत नाही. म्हणून आधी सूज उतरवायची. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो खाली दाबणं, ५ सेकंद, १० वेळा, दिवसातून तीनदा, एवढ्यापासून सुरुवात. दाबूनही सरळ होत नसेल तर तो खरा आखडलेला गुडघा. झिजेत हे सावकाश घडतं, आणि घरातली एक चांगल्या हेतूची सवय त्याला हातभार लावते : गुडघ्याखाली उशी. दुखरा गुडघा किंचित वाकलेला असताना आतला दाब कमी असतो, म्हणून बरं वाटतं. पण रात्ररात्र तसाच ठेवला की मागची पिशवी तेवढ्यावरच आकसते. उशी टाचेखाली घ्या, गुडघा मधे अधांतरी राहू द्या. १० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा.

किती हालचाल पुरेशी, हे माणसाच्या दिवसावर ठरतं. सपाटीवर चालायला गुडघा ६०-६५ अंश वाकला तरी चालतं, जिन्याला नव्वदच्या आसपास, खुर्चीतून उठायला त्याहून थोडा जास्त. मांडी घालायला आणि उकिडवं बसायला १३० च्या पुढे. म्हणून परदेशी तक्त्यात ‘उत्तम’ ठरलेला ११५ चा गुडघा पंगतीला बसू पाहणाऱ्या माणसाला अपुरा वाटतो, आणि त्याचं चुकत नाही. गुडघा बदलायची शस्त्रक्रिया ठरत असेल तर हे सर्जनला आधीच विचारून घ्यावं.

पण मांडी जात नाही म्हणजे गुडघाच गेला, असं नाही. मांडीला खुब्याचा सांधा तितकाच लागतो, आणि खुबा दुखला तरी पुष्कळदा कळ गुडघ्यातच जाणवते. तपासा : वडिलांना पलंगाच्या काठावर बसवा, पाय लोंबते, गुडघे एकमेकांजवळ. आता एकेक पाऊल बाहेरच्या दिशेला न्या. पाऊल बाहेर जातं तेव्हा मांडीचं हाड खुब्यात आत वळतं. ३५ ते ४५ अंश जायला हवं. खुब्याच्या झिजेत सर्वांत आधी हीच हालचाल हरवते. ती १० अंशांवर अडली आणि जांघेत दुखलं, तर गुडघ्याचा एक्स-रे कितीही झिजलेला दिसो, खुब्याचाही काढा. हेच लक्षण तिशी-चाळिशीत दिसलं तर खुब्याच्या चेंडूचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. दीर्घकाळ स्टेरॉइड, दारू आणि सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) ही त्याची ओळखीची कारणं, म्हणून गडचिरोली-चंद्रपूरकडच्या तरुण रुग्णाला जांघेत दुखतंय म्हटल्यावर सिकलसेलची चाचणी विसरू नये. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआय लागतो. गुडघा दुखतो म्हणून लंगडणाऱ्या मुलाचाही खुबा तपासलाच पाहिजे.

आखडणं सकाळी किती वेळ टिकतं हे घड्याळ लावून विचारा. झिजेत उठल्यावरचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात जातो. तासभर किंवा अधिक टिकतो, बोटांचे मधले सांधे आणि मुठीची टेंगळं सुजतात, हस्तांदोलनात हात दाबला की कळ येते, तर संधिवाताचा म्हणजे ऱ्हुमॅटॉइडचा विचार. त्यात नखाजवळचे सांधे सहसा वाचतात. चिकुनगुन्याही असंच चित्र उभं करतो आणि महिनोन्‌महिने रेंगाळतो. २००६ च्या साथीत महाराष्ट्राने ते भरपूर पाहिलं आहे. म्हणून गेल्या सहा महिन्यांत ताप येऊन गेला का, हे विचारायचं.

विशी-तिशीतल्या तरुणाची कंबर पहाटे दुखून जाग येते आणि हिंडल्यावर बरी वाटते, तर मणक्याचं माप घ्या. उभं असताना कमरेवरच्या दोन खळग्यांच्या रेषेवर पेनाने खूण, तिच्या १० सेंटिमीटर वर दुसरी, ५ सेंटिमीटर खाली तिसरी. पुढे वाकल्यावर १५ सेंटिमीटरचं हे अंतर किमान २० व्हायला हवं. हात जमिनीला टेकतात म्हणजे मणका लवचीक आहे, असं मानू नका. ते काम खुबे करून देतात.

कोपराविषयी एकच, पण कळकळीने. पडल्यावर किंवा प्लास्टर काढल्यावर कोपर आखडलं तर तेल लावून जोराची मालिश आणि ओढाताण करू नका, लहान मुलांत तर नाहीच. दुखावलेल्या स्नायूत हाड तयार व्हायला लागतं आणि जे कोपर वेळ घेऊन सुटलं असतं ते कायमचं अडतं. कोपर स्वतःच्या ताकदीनेच हलवू द्यायचं. रोजच्या बहुतेक कामांना ३० ते १३० अंशांचा पट्टा पुरतो. मनगटाला प्लास्टर असेल तर उघडी बोटं आणि खांदा पहिल्या दिवसापासून हलवायचे.

अर्धांगानंतर बगलेत हात घालून किंवा हात ओढून रुग्णाला उठवू नका, लुळा खांदा त्याने निखळतो. पुढे अशा रुग्णाचा हात ताठरला की तो सावकाश नेला तर जातो आणि झपकन नेला तर मधेच अडतो. कंपवातात मात्र वेग कोणताही असो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच ताठर लागतो. एक खांदा आखडलेला, चालताना तोच हात हलत नाही आणि अक्षर बारीक होत चाललंय, तर खांद्याच्या व्यायामाआधी न्यूरॉलॉजिस्ट.

एकच सांधा काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत लाल, गरम, टम्म झाला आणि जराही हलवू देत नाही, तर मोजमाप, शेक, व्यायाम सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सांध्यातला पू काही दिवसांत कूर्चा खाऊन टाकतो. वयस्कर आणि मधुमेही माणसाला ताप नसूही शकतो. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी सुईने पाणी काढून तपासायला पाठवतील, तेच योग्य आहे. गाउटही (सांध्यात युरिक ॲसिडचे खडे साचून होणारा आजार) रात्रीत असाच उठतो, पण तो गाउटच आहे हे घरी ठरवायचं नाही.

आई-वडील दोघांसाठी : वहीत तारीख, सांधा, बाजू, ॲक्टिव्ह, पॅसिव्ह आणि कोणत्या स्थितीत मोजलं ते लिहा, दर दोन आठवड्यांनी एकदा. पाठीवर झोपून गुडघा जितका वाकतो त्यापेक्षा पालथं झोपल्यावर कमी वाकतो, कारण तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू आधीच ताणलेला असतो. आईचा खांदा गरम पाण्याच्या आंघोळीनंतर मोकळा भरतो, सकाळी उठल्याउठल्या घट्ट. कोणतीही वेळ धरा, पण दर खेपेला तीच.